म्हाळूबाबाची हरकत

२२ ऑक्टोबर, बुधवार. दिवाळी पाडवा. पहाटे ५

आजपासून कादंबरी. ठरलं म्हणजे ठरलं. साडेतीन मुहूर्तांतला हा अर्धा. माझ्यासारख्याला अर्धा पुरे.

नाव: 'घोडनदीची यक्षिणी'. ऐतिहासिक, पण नुसतं ऐतिहासिक नाही. इतिहास प्लस अद्भुत. हल्ली मार्केटमध्ये हेच चालतं. एका बाजूला पेशवाई, घोडदळ, दुष्काळ. दुसऱ्या बाजूला डोहात राहणारी यक्षिणी, मंतरलेली तलवार, मेलेल्या सैनिकांची फौज. नायक आमच्याच घराण्यातला म्हाळूबाबा. पेशवाईत घोड नदीच्या काठाला लुटारूंशी लढताना मेला आणि आमच्या भावकीचा वीर झाला. केंदूरला चुलतीच्या देव्हाऱ्यात त्याचा टाक, म्हणजे मूर्ती उठवलेला चांदीचा पत्रा, आहे. घरचंच मटेरियल असल्यामुळे रिसर्चचा प्रश्न मिटला.

कादंबरी तशी डोक्यात पूर्ण झाली आहे. फक्त लिहायची राहिली आहे.

नियम: रोज पहाटे चारला उठणे. दोन तास लेखन. मग कंपनीची बस.

ऋतिकाचं टेबल आजपासून माझं. तिची यंदा बारावी आहे, पण पोरगी हुशार, कुठंही बसून अभ्यास करते. साधना काहीच बोलली नाही. बायको गप्प आहे म्हणजे पाठिंबा आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. लेखन नाही. सणासुदीला लिहिणारे लोक मला कधी आवडले नाहीत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७

चारला उठलो. थंडी होती. पावणेसातला पुन्हा उठलो.

पण पहिलं वाक्य झालं. 'रात्र काळी होती.'

वाचून अंगावर काटा आला. साधनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, रात्र काळीच असते, डबा घ्या, बस जाईल.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

'रात्र अत्यंत काळी होती.' हे जास्त बरोबर वाटतं.

२ नोव्हेंबर, रविवार. केंदूर

चुलतीला भेटून आलो. पार्वतीबाई. आम्ही सगळे तिला जिजी म्हणतो. चुलते जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, गुडघे गेलेत, शुगर आहे, तरी एकटी राहते आणि कांदा लावते. आणि वीर तिच्या अंगात येतो. दर अवसेला, आणि धूळवडीला तर येतोच. आमच्याकडं ज्याच्या अंगात येतं त्याला झाड म्हणतात. जिजी हे म्हाळूबाबाचं झाड. आधी तिची सासू होती.

माझा अंगात येण्यावर विश्वास नाही. मी कंपनीत क्वालिटीला आहे. येणाऱ्या मालाला गेज लावायचा, बसला तर हिरवा टॅग, नाही बसला तर लाल. अंगातल्या वीराला गेज लावता येत नाही. पण भावकीत राहायचं तर बोलून उपयोग नाही.

जिजीला सांगितलं की मी म्हाळूबाबावर पुस्तक लिहितोय. तिनं भाकरी थापायची थांबवली. म्हणाली, बन्सी, माझं आता काय खरं न्हाई. माझ्या माघारी ह्यो कुणाच्या अंगात येणार? आताच्या सुना नेलपॉलिश लावत्यात, त्यांच्या अंगात येईल का त्यो? इसरून जातील त्याला. पुस्तकात तरी ऱ्हाईल. पर मी हाय तवर कर.

मी शब्द दिला. वाचकवर्ग मिळाला. तोही लिहायच्या आधी.

९ नोव्हेंबर, रविवार

टोपणनाव ठरवण्यात सुट्टी गेली. बन्सी हे नाव ऐतिहासिक कादंबरीवर शोभत नाही. 'प्रतापादित्य शिरूरकर' पक्कं केलं. ऋतिका म्हणाली, पप्पा, ह्या नावानं कुणी हाक मारली तर तुम्ही मागं बघणार का?

हसली. हसू दे. टेबल गेल्यामुळं थोडी कडू झाली आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कादंबरीची रूपरेषा लिहिली. दीड पान. त्यात सगळं आलं: म्हाळू सरदार होतो, पाच हजार घोडं मिळतं, यक्षिणीशी प्रेम, तिचा शाप, मेलेल्यांची फौज, शेवटी नदी उलटी वाहते. हे वाचल्यावर मूळ कादंबरी वाचायची गरज राहणार नाही, इतकी नेमकी उतरली आहे.

जिजीला वाचून दाखव म्हणून ऋतिकाला सांगितलं. तिनं फोनवर वाचली. जिजी सगळं ऐकून नुसती बरं म्हणाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावस्या

अवसेला केंदूरला जायची पद्धत आहे म्हणून गेलो. आरती झाली, जिजी घुमायला लागली, वीर आला. लोकांनी लेकराबाळांचं विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी न विचारताच म्हाळूबाबा माझ्याकडं वळला आणि म्हणाला, मी घोड्यावर कवाच बसलो न्हाई. मी मेंढराच्या मागं चालणारा मानूस. माझ्या बुडाखाली घोडं कुणी घातलं?

सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली.

मी सांगायचा प्रयत्न केला की ही कादंबरी आहे, कल्पना आहे. वीर म्हणाला, कल्पना तुझी, बूड माझं.

वीर गेल्यावर जिजी पाणी प्याली आणि नेहमीसारखं विचारलं, काय म्हनला रं त्यो? तिला अंगातलं काही आठवत नाही. मी म्हणालो, घोडं काढ म्हणाला. जिजीनं तोंडावर पदर घेतला. म्हणाली, लई हट्टी हाय, मला पन आयुष्यभर असाच तरास दिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच हजार घोडं रद्द. म्हणजे घोडदळ रद्द. म्हणजे लढाईचे नऊ प्रसंग रद्द. विश्वास नाही हा भाग वेगळा, पण वाद कशाला घालायचा.

कंपनीत मालाची शंका असली की आम्ही पिवळा टॅग लावतो. होल्ड. तसा कादंबरीला पिवळा टॅग लावला आहे. म्हाळू चालत किती लांब जाऊ शकतो ते एकदा विचारून घेतो, मग पुढं लिहितो. विचारायला पुढची अवस लागणार. तोवर माझा नाइलाज आहे.

हे आधीच कळलं हे बरं झालं. नाहीतर पाचशे पानं लिहून बसलो असतो.

७ डिसेंबर, रविवार. दौंड

जयसिंगकडं गेलो. साधनाचा भाऊ. राहतो भांडगावला, दौंडला त्याची प्रेस आहे: लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, शाळेच्या वह्या. तो पुस्तक फुकट छापून देतो म्हणाला, बहिणीसाठी. मजकूर दे म्हणाला. मी म्हणालो, आधी कव्हर. कव्हर समोर असलं की लेखकाला जोर येतो.

त्यानं कॉम्प्युटरवर AI ला सांगून चित्र काढलं. म्हाळू, हातात तलवार, मागं नदी, नदीतून यक्षिणी वर आलेली. फार भारी. म्हाळूच्या एका हाताला सहा बोटं आली आहेत, पण ते अद्भुतात बसतं. खाली मोठ्या अक्षरात प्रतापादित्य शिरूरकर.

ऑफसेटला कमी कॉपी परवडत नाही म्हणून जयसिंगनं कव्हरं एकदम छापून टाकली. गठ्ठा बांधून ठेवला.

आज खऱ्या अर्थानं लेखक झालो.

१९ डिसेंबर, शुक्रवार. अमावस्या

गेलो. चालत किती लांब जाऊ शकता हे विचारायचंच राहिलं. वीर आला तोच तापलेला होता. म्हणाला, माझी गिता हाय. लगनाची बायकू. ही नदीतली बाई कोन?

मी म्हणालो, बाबा, यक्षिणी आहे. वीर म्हणाला, आसंल, पर तिचं माझ्यापाशी काय काम?

 खरंच काय काम आहे, हे रूपरेषेत आलेलं नाही.

मग म्हणाला, माझं कुत्रं कुठाय? येक बी डाव त्याचं नाव न्हाई. मी पडलो तवा कुत्रं माझ्याजवळ बसून व्हतं, बाई न्हवती कुठली. हे बोलताना आवाज बदलला. मागं बसलेल्या बायका डोळे पुसायला लागल्या. मी विज्ञानवादी असल्यामुळं नुसता खोकलो.

२० डिसेंबर, शनिवार

कादंबरीचं नाव यक्षिणी, कव्हरवर यक्षिणी, आणि यक्षिणी रद्द. अशा परिस्थितीत लेखकानं लिहायचं काय? कुत्र्याची जात माहीत नाही. रंग माहीत नाही. पुढच्या अवसेपर्यंत होल्ड.

साधना म्हणाली, जिजीला फोन करून विचारा ना कुत्र्याचं. मी तिला समजावलं की जिजीला काय माहीत, माहीत वीराला. साधनानं लसूण सोलायला घेतला.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. संकल्प: पहाटे चारला उठणे (हे पुन्हा), रोज एक पान, मोबाइल बंद, चहा दोनच.

कोरेगावच्या विजयस्तंभामुळं नगर रोडची वाहतूक वळवलेली, कंपनीला सुट्टी. आमच्या सेक्शनच्या करुणा मॅडम सगळ्या घरादाराला घेऊन अभिवादनाला गेल्या. काल जाताना म्हणाल्या, बन्सीभाऊ, इतिहासाचं पुस्तक म्हटलं की मी पहिल्यांदा वाचणार, झालेली पानं तरी द्या. मी म्हणालो, देवाची हरकत चालू आहे. त्या म्हणाल्या, आमच्याकडं ती सोय नाही, आम्हाला आपलं आपण लिहावं लागतं.

यात टोमणा असेल असं वाटत नाही.

सुट्टी होती तर लिहिता आलं असतं. पण सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलं की चारचा मुद्दाच राहत नाही.

११ जानेवारी, रविवार

'काळी होती रात्र.' असं फिरवून बघितलं. यात एक लय आहे. पूर्ण रविवार त्यावर काम केलं. संध्याकाळी पुन्हा 'रात्र काळी होती' केलं. पहिलं ते पहिलंच.

१८ जानेवारी, रविवार. अमावस्या

कव्हर सोबत नेलं होतं. वाटलं, चित्र बघून वीर खूश होईल.

वीरानं कव्हर हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. म्हणाला, ही तरवार कुणाकडून आनली? माझ्याकडं काठी व्हती. आन् ह्यो हात कुणाचा? मी मेलो तवा माझी बोटं पाचच व्हती.

मी मान खाली घातली. मग विचारलं, बाबा, निदान सुरुवात तरी चालेल का? 'रात्र काळी होती'?

वीर म्हणाला, रात न्हवती. दिस उगवला व्हता. मेंढरं सोडायच्या टायमाला आले ते.

संपलं. जे लिहिलं होतं तेही गेलं.

जिजी शुद्धीवर आली. विचारलं, काय म्हनला रं? मी सांगितलं. जिजी रडकुंडीला आली. म्हणाली, ह्यो तुला लिहू द्यायचाच न्हाई. मी आज हाय, उद्या न्हाई, ह्याला कळत कसं न्हाई? मीच तिची समजूत घातली. म्हणालो, जिजी, मी प्रयत्न सोडलेला नाही, पण देवापुढं माणसाचं काय चालतं?

हे वाक्य छान झालं. कादंबरीत कुठंतरी टाकता येईल.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऋतिकाची परीक्षा सुरू. ती गॅलरीत, पाण्याच्या टाकीवर वही ठेवून अभ्यास करते. म्हणाली, पप्पा, वीराची परवानगी येईपर्यंत तरी टेबल द्या. मी म्हणालो, टेबलावरून उठलो तर लेखक म्हणून उठलो असं होईल. ती म्हणाली, बसलात कधी?

आईवर गेली आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. अमावस्या

आज फार वाईट झालं.

नेहमीसारखं गेलो. कुत्र्याचा रंग, दिवस किती वर आला होता, असे प्रश्न मनात काढून ठेवले होते. एवढ्या प्रश्नांवर पावसाळा निघाला असता.

वीर आला. आज आवाज खाली होता. मला जवळ बोलावलं. म्हणाला, बन्सी, तुला घोडं पायजे ना, घे. बसतो मी घोड्यावर. पाच हजार घे न्हाईतर दहा. नदीतली बाई बी असू दे. गिताची मी काढतो समजूत. रात म्हन, काळी म्हन, तरवार दे, सहा बोटं दे. काय बी लिव्ह. माझी हरकत न्हाई. पर लिव्ह. धूळवडीला भावकीम्होरं वाचून दाव.

आणि गेला.

मी तिथंच बसून राहिलो. कंपनीत ऑडिटर समोर उभा राहिला की लावतो तसं शर्टाचं वरचं बटण लावलं.

जिजीनं विचारलं, काय म्हनला? मी काही बोलायच्या आत सगळी भावकी एकदम बोलली. जिजीनं देव्हाऱ्यापुढं डोकं टेकलं आणि किती वेळ वर केलंच नाही.

परत येताना गाडीवर मागं बसलेल्या साधनानं सांगितलं. गेल्या अवसेपासून जिजी एक वेळ जेवत होती. वीरानं बन्सीला मोकळं करावं म्हणून. शुगरच्या गोळ्या चालू असताना. डॉक्टर ओरडले तर म्हणाली, माझ्या पोटात जागा केली तर त्याच्या मनात व्हईल.

मला रडू आलं. हेल्मेटच्या आत होतो म्हणून ठीक. खूप लाज वाटली. उद्या चारला उठणार म्हणजे उठणार.

१८ फेब्रुवारी, बुधवार. पहाटे ४.१०

उठलो. टेबलावर बसलो. कागद, पेन, चहा. सगळं आहे. घोडं आहे, यक्षिणी आहे. कुणाची हरकत नाही.

सकाळी ६. अजून बसलोच आहे.

घोड्यावर म्हाळूला बसवलं की तो उतरून चालायला लागतो. यक्षिणी वर आली की गिताची आठवण येते. तलवार दिली तर काठी दिसते. वीरानं हरकत घेऊन ठेवली आणि मग परवानगी दिली. यात कुठंतरी फसवणूक आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फोनवरच्या AI ला लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं की म्हाळू सकाळी कॉफी पिऊन लढाईला निघाला. फोन ठेवून दिला.

२२ फेब्रुवारी, रविवार

जिजीनं फोनवर विचारलं, किती झालं रं? जवळजवळ झालं म्हणालो. ती म्हणाली, आता दोन्ही वेळ जेवते मी, तू काळजी करू नको, तू लिव्ह.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी. केंदूर

रजा टाकून आलो. हे मी कुणालाही सांगणार नाही. वहीतही खरं म्हणजे लिहू नये.

कौल लावला. म्हणजे टाकाच्या दोन्ही खांद्यांना ओले करून ज्वारीचे दाणे चिकटवायचे, मनात प्रश्न धरायचा आणि बसायचं. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. प्रश्न: मी लिहू का? मला 'नाही' हे उत्तर पाहिजे होतं. एकदा 'नाही' आलं की मी जिजीला तोंड दाखवायला मोकळा. देवाचीच इच्छा नव्हती, बास.

जिजी कांदा काढायला रानात होती, दाराला कडी. कुणी नव्हतं.

पहिल्यांदा उजवा पडला. चुकून पडला असेल, वाऱ्यानं. दुसऱ्यांदा लावला. उजवा.

मग मी प्रोसेसमध्ये थोडी सुधारणा केली. डावा दाणा कोरडाच टेकवला. उजव्याला स्वयंपाकघरातला गूळ लावला. चांगला दाबून. आता पडणं शक्यच नव्हतं. मांडी घालून बसलो.

डावा कोरडा असून पडेना. बसून बसून पाय बधिर झाले. तेवढ्यात गुळाला मुंग्या लागल्या. मी बघत बसलो. हात लावता येत नाही, कौल चालू असताना हात लावला तर पाप. चार-पाच मुंग्यांनी मिळून उजवा दाणा सोडवला आणि खाली पाडला. आणि घेऊन गेल्या.

डावा अजून तिथंच होता.

माझा विश्वास नाही. पण मी हात जोडले आणि टाक पुसून ठेवला.

३ मार्च, मंगळवार. धूळवड

हलगी, भंडारा, सगळी भावकी. वीर निघाला. जिजीचे गुडघे दुखतात, पण वीर आला की मारुतीच्या देवळापर्यंत पळत जाते. येताना माझ्यासमोर थांबली. म्हणजे वीर थांबला. म्हणाला, आनलं का?

शेकडो लोक. मी भंडाऱ्यानं पिवळा.

तोंडातून निघालं, बाबा, पुस्तक प्रेसला गेलंय. छपाई चालू आहे.

वीरानं माझ्या कपाळाला भंडारा लावला. पाडव्याला आन म्हणाला.

खोटं बोललो असं नाही. कव्हर प्रेसलाच आहे. एक भाग छापून झालेला आहेच.

८ मार्च, रविवार

पाडव्यापर्यंत वेळ भरपूर आहे. रोज वीस पानं लिहिली तर पुस्तक सहज होतं.

१२ मार्च, गुरुवार

रोज पन्नास लिहिली तर.

१५ मार्च, रविवार

जयसिंगला फोन केला की जिजीचा फोन आला तर मशीन बिघडलंय म्हण. तो म्हणाला, दाजी, जिजीचा फोन येऊन गेला. पाडव्याला पुस्तकं घेऊन केंदूरला या म्हणाल्या, मी व्हय म्हणालो. मी विचारलं, पण मजकूर कुठाय? तो म्हणाला, तेच मी तुम्हाला कव्हर छापल्यापासून विचारतोय. मग म्हणाला, तुम्ही टेन्शन घेऊ नका, म्हातारीचा शब्द मोडायचा नाही, मी बघतो कायतरी.

जयसिंग हुशार माणूस आहे. तारीख पुढं ढकलेल. निर्धास्त झोपलो. पहाटेचं लिखाण तसंही आता पाडव्यानंतरच.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा. संध्याकाळी. केंदूर

जिजीनं गुढी उभारली. सकाळपासून अंगणात सतरंजी टाकलेली. भावकी बोलावलेली. मी जयसिंगचा फोन लावत होतो, लागत नव्हता.

अकराला त्याची गाडी आली. मागं गठ्ठे. पोरं धावली. त्यानं दोरी सोडली आणि माझं कव्हर अंगणात आलं. म्हाळू, तलवार, यक्षिणी, प्रतापादित्य शिरूरकर. जाड बांधणी, कडा कापलेल्या. हातात घेतलं तर वजन होतं. एक क्षण मला खरंच वाटलं की मी लिहिलंय.

मग उघडलं. पहिल्या पानावर नाव, इयत्ता, तुकडी, रोल नंबर. पुढं सिंगल रेघा. दोनशे पानं सिंगल रेघा.

जयसिंगला बाजूला घेतलं. तो म्हणाला, दाजी, कव्हरं वाया चालली होती, आणि जिजीला व्हय म्हणून बसलो होतो. आत वहीची पानं घातली. पोरांना शाळेला होतील. त्यानं काही वाईट केलं नाही. 

तेवढ्यात जिजीनं वरची कॉपी उचलली होती. तिला वाचता येत नाही. पदरानं पुसली, देव्हाऱ्यात टाकासमोर ठेवली, हळदीकुंकू वाहिलं. म्हाळूबाबाच्या तोंडावरनं हात फिरवला. सहा बोटांवरनंही फिरवला. माझ्याकडं वळून म्हणाली, आता मी गेले तरी चालंल.

ऋतिका माझ्याकडं बघत होती. साधना बघत नव्हती.

मी म्हणालो, जिजी, ऐक ना. पुढचं वाक्य मला आलं नाही.

जिजीनं देव्हाऱ्यातली वही उचलून माझ्या हातात दिली. मला पाटावर बसवलं. सगळ्यांना गप केलं, पोरांना पुढं बसवलं. आज अवस नव्हती, वीर नव्हता. जिजीच होती. नवं लुगडं नेसलेली, चांगला कान देऊन बसलेली. वाच म्हणाली.

मी पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसरं. कुणीही हसलं नाही.

जिजी म्हणाली, चष्मा लाव बाबा, गडबड न्हाई.

लावला. रेघा आणखी स्पष्ट दिसल्या.